बोंडांचा हंगाम आणि माझं नाक

परवा बेळगावच्या गणपत गल्लीतून येताना एका टोपलीपाशी माझे पाय थांबले. टोपलीवर ओलं फडकं टाकलेलं होतं, आत काय आहे ते दिसत नव्हतं. पण मला कळलं होतं. काजूची बोंडं. पिकल्या पेरूसारखा गोड वास, त्याच्या मागून येणारा तुरटपणा आणि शेवटी घशाशी किंचित खवखवणारं काहीतरी. मी वाकून तो वास आत ओढून घेतला, सोडला, पुन्हा घेतला. टोपलीवाल्या बाईंना वाटलं, गिऱ्हाईक संशय घेतंय. फडकं बाजूला करून त्या म्हणाल्या, आजचीच हाईत, सकाळी झाडाखालनं उचलल्यात. मी मान हलवली आणि दोन डझन बोंडं घेतली. माझा संशय त्यांच्या बोंडांवर नव्हता, हे त्यांना कसं सांगणार? दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी सगळ्या जगावर संशय घेऊन बसलो होतो, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता ते माझ्या तोंडावरच होतं.

आमच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात, खानापूर-जांबोटीपासून चंदगडापर्यंत, मार्च लागला की काजू पिकू लागतात. लोक बी पिळून काढतात आणि बोंड झाडाखालीच टाकून देतात. एप्रिलभर त्या रानांतून जाताना हवा आंबूस-गोड असते. गुरं बोंडं खाऊन सुस्त पडलेली असतात, माश्या घोंघावत असतात. गोव्याकडं याच बोंडांची फेणी होते. मी त्यांची हलकी वाईन करतो. घरापुरती, काचेच्या चार-पाच बरण्या. त्यातल्या निम्म्या पुढं व्हिनेगर होऊ देतो आणि त्यात हिरव्या मिरच्या मुरत पडतात. बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, मी जीवशास्त्र शिकवतो. वर्षानुवर्षं फळ्यावर यीस्टची आकृती काढून काढून एकदा मनात आलं की एवढी कामसू जात आपण कधी कामाला लावलीच नाही. तेव्हापासून हा नाद लागला.

रस काढणं यातलं सोपं काम. बोंडं धुवायची, पिळायची, तुरटपणा खाली बसावा म्हणून रसात तांदळाची पेज घालून ठेवायची आणि वरचा निवळ रस काढून घ्यायचा. खरी कसोटी असते ती स्टार्टरची. माझी थोरली बहीण आक्का त्याला ‘तुझं विरजण’ म्हणायची, आणि त्याच्याइतका नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. दोन दिवस आधी वाटीभर रस उकळायचा, झाकण न काढता पूर्ण थंड होऊ द्यायचा, त्यात चिमूटभर यीस्ट सोडायचं आणि बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. येता-जाता बाटली हलवायची, कारण वाढायच्या दिवसांत यीस्टला हवा लागते. दुसऱ्या दिवशी वर फेस येतो, तळाशी सायीच्या रंगाचा थर बसू लागतो. अशी जमलेली फौज मोठ्या रसात सोडली की बाहेरचे जंतू शिरायच्या आत ती सगळ्या रसाचा ताबा घेते. पण या वाटीभर रसातच दुसरं काही शिरलं तर सगळी बरणी गेली. मग आपण बरणीभर यीस्ट नव्हे, बरणीभर घाण वाढवत असतो.

म्हणून मी फार जपायचो. बाटली प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं ठेवायची. ओटा स्पिरिटनं पुसायचा. हात कोपरापर्यंत धुवायचे. पंखा बंद, खिडकी बंद आणि बोळा काढताना तोंडही बंद. आक्काला याची फार गंमत वाटायची. दारात उभी राहून ती हळूच विचारायची की पेशंट शुद्धीवर आला का.

एवढं सगळं झाल्यावर शेवटचा निवाडा नाकाचा. चांगल्या स्टार्टरला ताज्या पावासारखा वास येतो, त्यात पिकल्या फळाची झाक असते. बिघडलेला स्टार्टर बोळा काढताच कळतो. आणि माझ्या नाकाचा मला अभिमान होता. प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला की कुठली बाटली नासली आहे हे मी न बघता सांगायचो. विद्यार्थी त्यावर पैजा लावायचे.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निपाणीपलीकडं, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळीला दिलेली. लहानपणी तिनंच मला काखेला मारून गावभर फिरवलेलं, त्यामुळं माझे केस पिकले तरी मी तिच्या लेखी दत्ताच. भाऊजी वारले, मुलगा पुण्याला नोकरीत रमला आणि हायवेजवळच्या त्या घरात ती एकटी राहू लागली, तेव्हा मीच हट्ट धरून तिला बेळगावजवळ मच्छ्याला आमच्याकडं आणली. माझी बायको शैला बँकेत. तिची बदली हुबळीला झालेली, ती शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. मधले दिवस घरात आम्ही दोघं बहीणभाऊ. आक्का आली आणि आमच्या स्वयंपाकघरात जीव आला. एका कोपऱ्यात आंबोळीचं पीठ फुगत असायचं, दुसऱ्या कोपऱ्यात मातीचा मोगा भरून दही. तिचं दही इतकं घट्ट लागायचं की गल्लीतल्या बायका चमचाभर विरजणासाठी वाटी घेऊन यायच्या. ती प्रत्येकीला द्यायची आणि दूध किती कोमट हवं ते करंगळी बुडवून दाखवायची.

त्या वर्षी जानेवारीत मला ताप आला. चार दिवस अंग मोडून काढलं आणि उतरला. जाताना वास घेऊन गेला. दोन-तीन आठवडे मला कशाचाच वास येत नव्हता. पण मी घाबरलो नाही, कारण अलीकडं हे बऱ्याच जणांचं झालेलं ऐकलं होतं. मग एके सकाळी उदबत्तीचा वास आला, साबणाचा आला, आणि मी मनाशी म्हटलं, सुटलो.

फेब्रुवारीत मी कॉफीची पूड तीनदा बदलली. प्रत्येक वेळी तिला जळकट वास यायचा. दुकानदाराला दोन शब्द सुनावले. मग फोडणीचं तेल खवट लागू लागलं, तर घाणा बदलला. कांदा परतायला घेतला की मला मळमळायचं. मच्छ्याला कारखाने आहेत, हवेतच काहीतरी सोडत असणार, असं मी शैलाला सांगितलं. ती म्हणाली, हवा तर नेहमीसारखीच आहे आणि कॉफीही छान झाली आहे. हुबळीच्या खानावळीत जेवून तुझी चव मेली आहे, असं मी तिला वर ऐकवलं.

मार्चमध्ये पहिली बोंडं आली. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं जांबोटीकडून पोतंभर पाठवली होती. मी नेहमीप्रमाणं स्टार्टर लावला. दुसऱ्या दिवशी फेस छान आला. बोळा काढला, नाक जवळ नेलं आणि झटक्यानं मागं घेतलं. गटाराचा वास. त्यात जळकं रबर मिसळल्यासारखा. मी स्टार्टर मोरीत ओतला. त्याच्यासाठी काढून ठेवलेला दोन बादल्या रस नारळाच्या बुंध्याशी ओतला, कारण बोंडांचा रस कुणाची वाट बघत थांबत नाही. आठवड्यानं दुसरा लावला. या वेळी बाटली दोनदा कुकरमध्ये घातली. पुन्हा तोच वास.

सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघितला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पीयूसीच्या परीक्षा सुरू होत्या. प्रयोगशाळेला कुलूप होतं, मी सुपरव्हिजनला होतो आणि परीक्षेच्या धामधुमीत घरच्या वाईनसाठी प्रिन्सिपलांकडं किल्ली मागायची मला लाज वाटत होती. घरी साक्षीदार एकच, माझं नाक. आणि दुसरी आक्का. दुसरा स्टार्टर ओतायला निघालो तेव्हा तिनं बाटली हातातून घेतली, हुंगली आणि म्हणाली, चांगला येतोय की रं वास, पिकल्या बोंडासारखाच. मला वाटलं, माझी समजूत घालतेय. किंवा वयानं तिचं नाक बोथट झालं असेल. ते माझ्या डोक्यात आलं, हे आज लिहितानाही कान गरम होतात.

तिसरा स्टार्टर बिघडल्यावर मी चोर शोधू लागलो. आणि शोधायला लागल्यावर तो दूर नव्हता. त्या सकाळी आंबोळीचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं आणि त्याचा ओघळ ओट्यावरून माझ्या बाटलीपर्यंत पोचला होता. शेजारी दह्याचा मोगा. घरात असे उघडे जंतू पाळल्यावर माझ्या कुकरचा आणि स्पिरिटचा काय उपयोग? खरं तर दह्यातले जंतू आंबट करतात, गटारासारखा वास आणत नाहीत. हे मी वर्गात शिकवतो. पण चोर हवा असला की शिकवलेलं आठवत नाही.

आक्का गॅसपाशी दूध तापवत होती. मी बाटली तिच्यासमोर आपटून ठेवली.

“आक्का, तुझा हात लागला की माझं सगळं नासतंय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. दूध वर आलं, तिनं गॅस बंद केला.  त्या दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा तिचं पिठाचं पातेलं, मोगा आणि वाटणाचा दगड मागच्या पडवीत गेला होता. ओटा लखलखीत धुतलेला. तीन-चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली की कोगनोळीचं घर किती दिवस बंद ठेवायचं, उंदरं नाचत असतील, पावसाच्या आधी कौलंही बघायला हवीत. मी म्हटलं, बरं. मंगळवारी सकाळी तिला बसमध्ये बसवून दिली. तिनं खिडकीतून मला घराकडं जा म्हणून हात केला.

खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला हायसं वाटलं. स्वयंपाकघर आता सगळं माझं होतं. मी पडद्यांसकट सगळं धुऊन काढलं. डबे रिकामे करून, घासून पुन्हा भरले, ओट्याच्या फटी ब्रशनं घासल्या. आठवडाभर घरात पीठ भिजलं नाही, दही लागलं नाही. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. आठवडा सरल्यावर नवं यीस्ट, नवा कापूस आणि नवी बाटली आणून चौथा स्टार्टर लावला. इतका स्वच्छ स्टार्टर मी आयुष्यात लावला नव्हता.

दोन दिवसांनी बोळा काढला. गटार.

मी तिथंच फरशीवर बसलो. सुरुवातीला नुसता राग आला. मग हळूहळू त्या रिकाम्या, घासलेल्या स्वयंपाकघराकडं लक्ष गेलं. कोपऱ्यात पीठ नव्हतं, मोगा नव्हता, आक्का नव्हती. वास मात्र होता. विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवताना मी नेहमी सांगतो की ज्याच्यावर शंका आहे ते काढून घ्या आणि बघा काही बदलतंय का. मी आक्काला काढून घेतलं होतं आणि काहीच बदललं नव्हतं. मग ती चोर नव्हती. एवढं कळायला मला तिला घराबाहेर काढावं लागलं.

परीक्षा तोवर आटोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी बाटली पिशवीत घालून कॉलेजात नेली. प्रयोगशाळेत पंखे बंद होते, बाकांवर धूळ बसली होती. एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात निळ्या रंगाचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि भिंग जुळवलं. मेलेल्या पेशी तो निळा रंग पितात, जिवंत पेशी तो आत घेत नाहीत. धुरकट काहीतरी हललं आणि एकदम स्वच्छ झालं. गोल-लांबट, टपोऱ्या, बिनरंगाच्या पेशी. कितीतरी पेशींना बाजूनं कळी फुटलेली. निळ्या पडलेल्या जेमतेम दोन-चार. मी काडीसारखे, ठिपक्यासारखे, वळवळणारे जंतू शोधत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. एकही नाही. दुसरी पट्टी केली, तिसरी केली. पुस्तकात छापावा असा निर्मळ स्टार्टर होता. मी डोळा काढून बाटली नाकाला लावली. गटार. पुन्हा डोळा भिंगाला लावला. निर्मळ.

किती वेळ असं करत होतो कोण जाणे. मग एकेक गोष्ट समोर येत गेली. कॉफी, तेल, कांदा, मच्छ्याची हवा, तीन ओतून दिलेले स्टार्टर, दुकानदार, घाणेवाला, शैला, आक्का. मी सगळ्यांना दोषी ठरवलं होतं. सुटलं होतं ते नाक.

शनिवारी शैला आली. तिला काही न सांगता मी बाटली पुढं केली. ती म्हणाली, बेकरीत गेल्यासारखं वाटतंय, आणि मग माझा चेहरा बघून तिनं विचारलं की झालंय काय. मी सगळं सांगितलं. आक्काला मी काय बोललो तेही सांगितलं, कारण आक्का घर बघायला गेली आहे एवढंच तिला ठाऊक होतं. शैलानं बाटली खाली ठेवली. ती मला फारसं कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “तुम्ही आधी डॉक्टरांकडं जा, आणि तिथनं सरळ कोगनोळीला.”

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडं जाताना मी घाबरलेलो होतो. नाक खोटं बोलतंय म्हणजे गडबड आणखी आत, डोक्यात कुठंतरी असेल, असं दोन दिवस मनात घोळत होतं. शैलाला ते सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, तापाची तारीख विचारली आणि अगदी सहज सांगितलं की तापात वासाच्या तंतूंना इजा होते, ते परत वाढताना त्यांच्या जोडण्या चुकतात, त्यामुळं काही वास घाणेरडे वाटू लागतात. कॉफी, कांदा, लसूण, आंबवलेले पदार्थ. तुमच्यासारखे पुष्कळ येतात, म्हणाले. महिने लागतील, पण बहुतेकांचं सुधारतं. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं. मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. रस्त्यावर रिक्षा, सायकली, उसाच्या रसाचा गाडा, सगळं आपापल्या जागी होतं.  भीती निघून गेली होती.

आज दोन वर्षांनी लिहायच्या टेबलावर बोंडांचा ढीग आहे आणि मी मधूनमधून एखादं उचलून हुंगतो. नाक जवळजवळ पूर्ववत आहे. कांदा परत आला, लसूण परत आला. कॉफीच्या तळाशी अजून किंचित जळकं काहीतरी उरलेलं आहे, पण आता मी कुणाला दोष देत नाही. वास नसणं मी सहन केलं होतं, कारण काहीतरी हरवलंय हे मला ठाऊक होतं. चुकीचा वास जास्त वाईट होता. आपलं चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही. उलट दर वेळी वाटतं की आपणच तेवढे शहाणे, बाकीच्यांचं सगळं नासलंय. नाकाचं असं होतं हे मला तेव्हा समजलं. आणखी कशाकशाचं होत असेल, याचा मी फार खोलात जाऊन विचार केलेला नाही.

डॉक्टरांकडं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कोगनोळीला गेलो. निपाणी मागं पडली, ट्रकांची रांग लागली, फोनवर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा संदेश आला, म्हणजे आक्काचं घर आलं. अकरा वाजले असतील. आक्का पुढच्या सोप्यात चिंच फोडत बसली होती. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. मला बघून उठली, पाणी दिलं, शैला कशी आहे विचारलं, जेवून जा म्हणाली. आणि पुन्हा चिंच फोडायला बसली. तिच्या वागण्यात कुठं राग नव्हता, तेच मला जड जात होतं.

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चौथा स्टार्टर, भिंगातून दिसलेल्या पेशी, डॉक्टर. ती ऐकत होती आणि तिच्या हातातला अडकित्ता चालूच होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी दुसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा तो थांबला.

“म्हंजे माझ्या हातात काय न्हाय?”

“न्हाय गं आक्का. तुझ्या हातात कायबी नव्हतं. माझं नाक बिघडलंय.”

ती आपले चिंचेनं काळे झालेले तळहात बघत राहिली. मग थांबत थांबत बोलू लागली. भाऊजी गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात जावेच्या घरी लोणचं घालत होते. ती नेहमीसारखी कैऱ्या चिरायला बसली, तर जावेनं हलकेच सांगितलं की तुम्ही बाजूला बसा, वर्षाचं लोणचं आहे. ती बाजूला बसली. घरी आल्यावर तिनं ते मनावर घेतलं नाही. जाऊ अडाणी आहे, असं स्वतःला सांगितलं. मच्छ्याला आली, दही घट्ट लागू लागलं, बायका विरजण मागायला येऊ लागल्या, आणि ती ते विसरूनही गेली. मग मी ती बाटली आपटली.

“तू शिकलेला माणूस. तू म्हटलास म्हंजे खरंच असणार, असं वाटलं मला.”

कोगनोळीला आल्यापासून तिनं पीठ भिजवलं नव्हतं, दही लावलं नव्हतं. कोपऱ्यातल्या कोनाड्यात दुकानातलं दह्याचं पाकीट कात्रीनं टोक कापून पेल्यात उभं करून ठेवलेलं होतं. माझ्या आक्काच्या घरात पाकिटातलं दही. मी मान खाली घातली. माफी मागायचे शब्द मी बसमध्ये जुळवून आणले होते, पण त्यातला एकही आता पुरेसा वाटेना. शेवटी मी तिचा चिंचेनं माखलेला हात धरला आणि चुकलं म्हणालो. तिनं हात सोडवून घेतला, पदरानं डोळे पुसले आणि चिंच डोळ्यात गेली म्हणून मलाच बोलली. मग ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत. कॉफीवाल्याला तू काय बोललास, घाणेवाल्याला काय बोललास, हे तिनं मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दर वेळी तिला नव्यानं हसू येत होतं. इतक्या दिवसांचं काहीतरी तिच्या अंगावरून उतरत होतं आणि ते मला समोर बसून दिसत होतं.

त्यानंतर तिनं माझ्या नाकाची परीक्षा घेतली. फळीवरचे डबे एकेक करून खाली आले. हळद? बरी. जिरं? बरं. हिंग? नको नको. धणे? चालेल. खोबरेल? चालेल. लसूण नाकाशी आणताच मी उठून उभा राहिलो, तेव्हा तिनं ती पाकळी लांब ठेवली आणि डोक्यात काहीतरी हिशेब पक्का केला. जेवायला कांदा-लसणाशिवाय चिंचेचं सार, भात आणि भाजलेला पापड होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी ताटावर वाकून जेवलो. इतके दिवस मी ताटापासून मान मागं ठेवून जेवत होतो, हे मला तेव्हाच कळलं. माझं जेवण होईपर्यंत ती समोर बसली होती. मग वाटी घेऊन शेजारच्या घरी गेली आणि चमचाभर विरजण घेऊन आली. दूध कोमट केलं, करंगळी बुडवली, क्षणभर थांबली, आणि विरजण सोडलं.  

निघताना मी तिला सोबत चल म्हटलं. चिंच फोडून व्हायची आहे, बघू, म्हणाली. मी आणखी आग्रह केला नाही. या घरातून हट्टानं तिला नेलं होतं मी आणि त्या घरातून घालवलंही मीच होतं. आता यायचं तर तिच्या मनानं यायला हवं, एवढी अक्कल मला आली होती. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं आणि संकेश्वर येईपर्यंत गाढ झोपलो.

चौथा स्टार्टर तोपर्यंत जुना झाला होता. एप्रिल संपत आला होता, बोंडंही संपत आली होती. त्या शेतकऱ्यानं उरलीसुरली एक टोपली पाठवली आणि मी पाचवा स्टार्टर लावायचा ठरवला. शैला हुबळीला होती. वास कोण घेणार असा प्रश्न होता, पण मनाशी म्हटलं, या वेळी भिंगाखाली बघू. मोकळ्या, शांत घरात सकाळी मी एका शेगडीवर रस उकळत ठेवला होता आणि दुसरीवर कुकर. कुकरची वाफ खिडकीच्या काचेवर जमत होती.

दार वाजलं नाही. दाराला कडी लावलेली नव्हतीच. बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला, कुणीतरी पाय धुतले, आणि आक्का स्वयंपाकघरात आली. हातात कापडी पिशवी, त्यात चिंचेचा गोळा, खांद्यावर पदर घट्ट घेतलेला. पहिल्या बसनं आली असणार. तिनं ओट्याकडं बघितलं, घासून पांढऱ्या झालेल्या फटींकडं बघितलं, दोन्ही शेगड्यांकडं बघितलं. मी काहीतरी म्हणायच्या तयारीत उभा होतो. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, पिठाचा डबा उघडला आणि परात ओढली.

“दोन्ही शेगड्या अडवून बसलाईस व्हय? सरक तिकडं. भूक लागलीया, भाकरी करू दे.”

मी रसाचं पातेलं झाकणासकट खाली उतरवून बाजूला झालो.